दुसऱ्या भागातला डावा हात

सातव्या भागाच्या दिग्दर्शकाने फोनवर मला तिसऱ्यांदा 'मावशी' म्हटलं, तेव्हाच मी फोन ठेवायला हवा होता. मी कुणाची मावशी नाही. मला बहीणच नाही. पण पोरगा गोड बोलत होता, आणि गोड बोलणाऱ्यापुढे माझा पारा खाली येतो ही माझी जुनी खोड आहे.

"मावशी, एकच शॉट अडलाय," तो म्हणाला. "पैलवानकाका ऐकतच नाहीत. तीनदा नाही म्हणालेत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"मी कोण लागून गेले?"

"तुमची जुनी ओळख ना. उद्या दुपारी दोनला स्टुडिओच्या छोट्या थिएटरात सिनेमा दाखवतोय. अजून पुरता झालेला नाही, पण या. तेही येतायत."

पैलवान येतोय म्हटल्यावर मी न जाण्याची निमित्तं शोधायला लागले. बावीस वर्षं मी या माणसाला टाळत आले होते. एकदा औषधाच्या दुकानात तो रांगेत उभा दिसला, तर मी डोकेदुखीची गोळी न घेताच मागे फिरले आणि दिवसभर कपाळ दाबत घरी बसले.

माझी लेक शेजारीच भाजी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं. "जा," ती म्हणाली. "आणि आता तरी सांगून टाक. ती वही घेऊन जा."

"तू भाजी निवड," मी म्हटलं. पण वही घेतली.

कुठली वही, ते सांगते. सिनेमात माझं काम असायचं सलगपणा सांभाळायचं. म्हणजे असं, की एखादा माणूस दारातून आत येताना पिशवी डाव्या खांद्यावर असेल, तर आठवड्याने घेतलेल्या पुढच्या शॉटमध्येही ती डाव्याच खांद्यावर हवी. पडद्यावर त्या दोन शॉटमध्ये एक सेकंदही गेलेला नसतो. मग कुणाच्या शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं, कपात चहा किती होता, हे सगळं मी वहीत लिहायची आणि शेजारी लगेच निघणारा छोटा फोटो चिकटवायची. सगळे मला वहीवाल्या ताई म्हणायचे. कुणी गुपचूप 'वही आली' असंही म्हणायचे. मला कळायचं.

आणि सिनेमे कुठले, तर अबोल्याचे. तुम्ही पाहिले नसतील तर तुमचं काही बिघडलेलं नाही. अबोल्या हा खुनी. तोंडावर करड्या लोकरीचा सपाट मुखवटा, अंगात पायघोळ रेनकोट, हातात स्वयंपाकघरातली सुरी. बोलत नाही, धावत नाही, हळूहळू चालत येतो आणि एकेकाला उडवतो. पहिल्या दोन भागांत त्या मुखवट्याच्या आत होता आमचा पैलवान. खरं म्हणजे काडीपैलवान. सहा फूट उंच आणि वजन असं की रेनकोटाच्या आत कापसाच्या उशा बांधल्याशिवाय त्याला बघून कुणी घाबरलं नसतं. पण चालायचा असा, की सेटवर सगळं माहीत असूनही माझ्या हाताला घाम यायचा.

दुसऱ्या भागात एक जिन्याचा प्रसंग होता. अबोल्या स्वयंपाकघराच्या दारातून येतो आणि जिना चढतो. दार एका दिवशी घेतलं, जिना आठ दिवसांनी. दाराचा शॉट झाल्यावर मी रंगभूषेच्या खोलीत पैलवानचा फोटो काढायला गेले. खोली एवढीशी. हा ताडमाड माणूस काही केल्या चौकटीत मावेना. मग मी समोरच्या मोठ्या आरशातला त्याचा फोटो काढला. फ्लॅश काचेवर उमटू नये म्हणून तिरकी उभी राहिले, स्वतःही कुठे दिसले नाही. केवढी हुशारी वाटली मला स्वतःची. त्याच हुशारीने घात केला.

आठ दिवसांनी जिन्यावर मी वही उघडली. लिहिलं होतं, सुरी उजव्या हातात. फोटोत मात्र सुरी डाव्या हातात. फोटो आरशातला आहे हे मी साफ विसरले होते. मला वाटलं, लिहिताना मीच चुकले असणार, कॅमेरा कशाला चुकेल. पैलवान मुखवटा घालून पायरीवर बसल्या बसल्या पेंगत होता. मी त्याच्या डाव्या हातात सुरी सरकवली आणि म्हटलं, चला, तयार. तो मुळात डावखुराच. त्याला काही वेगळं वाटलं नाही. उठला आणि जिना चढला.

संकलनाच्या वेळी बोंब झाली. दारात सुरी उजव्या हातात, जिन्यावर डाव्या. तोवर ते घर आम्ही परत केलं होतं, जिन्यालाही मालकाने नवा कठडा बसवला होता, पुन्हा घेणं शक्य नव्हतं. आमचे तेव्हाचे दिग्दर्शक, जुने साहेब, संतापले. "वही आणा," म्हणाले. मी वही आणायला गेले, पान उघडलं, फोटोतल्या रेनकोटाची बटणं उलट्या बाजूला दिसली, आणि आरसा आठवला. मग मी जे केलं ते असं: फोटो सोलून काढला, ब्लाउजमध्ये सारला, आणि फोटो नसलेली वही घेऊन आत गेले. पानावर लिहिलेलं होतं, उजवा.

"म्हणजे ही त्या डावखुऱ्याची करामत," साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. कारणं सांगायला बसले तर पन्नास सापडतील, नवी होते, एकटी होते, वगैरे. खरं कारण एकच. मी घाबरले.

तिसऱ्या भागात पैलवान नव्हता. त्याला काढलं असं मी ऐकलं, आणि ते माझ्या पापाच्या खात्यात घालून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटरात पोचले तर तो आधीच येऊन बसलेला. केस पांढरे, पायात खेळाचे बूट, गळ्यात शिट्टी. शाळेत मुलांना खेळ शिकवतो, हे मला ऐकून माहीत होतं. डावा हात पँटच्या खिशात होता.

"ताई, ओळखलंत का?" तो उठून म्हणाला.

"न ओळखायला तू काय मुखवटा घालून आलायस? खरं तर घालून आला असतास तर लवकर ओळखलं असतं."

तो हसला. मी एक खुर्ची सोडून बसले. माझे गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे बसायलाही वेळ लागला. तो मदतीला पुढे आला, पण उजवा हात पुढे करून, उगाचच वळसा घालून. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

दिवे गेले. मी मनातल्या मनात चाकू परजून बसले होते, कारण मागच्या भागांनी मला फार छळलंय. तिसऱ्या भागात मुखवट्यात कुणीतरी व्यायामशाळेतला बैल घातला होता आणि अबोल्या धावायला लागला. अहो, धावणाऱ्या खुन्याला काय घाबरायचं? धावतो म्हणजे त्यालाही घाई आहे, म्हणजे तो आपल्यातलाच. चौथ्यात तो शहरात आला आणि इतक्या लोकांना मारलं की मी मोजायचं सोडलं. पाचवा जहाजावर होता. का, ते विचारू नका. सहाव्यात तर कहर. अबोल्याचं बालपण दाखवलं, आई रडते, बाप मारतो, आणि हा कोपऱ्यात बसून सशाला गोंजारतो. मला शेवटी ससा मरेल का एवढीच काळजी उरली होती.

सातवा तसा नव्हता. पहिली चाळीस मिनिटं कुणीच मेलं नाही. एक बाई घर आवरते, खिडक्या लावते, आणि दर वेळी मागे कुठलं तरी एक दार थोडंसं जास्त उघडं असतं. मी खुर्चीचा हात धरून बसले. पहिल्या भागात अगदी हेच होतं. तिथे अबोल्या जेमतेम अकरा मिनिटं दिसतो, बाकीचा वेळ आपण त्याची वाट बघतो. या पोराने तो भाग नुसता पाहिला नव्हता, त्याचा अभ्यास केला होता.

"बरा आहे," मी अंधारात पुटपुटले.

"चालतोय," पैलवान म्हणाला. "धावत नाहीये." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

मग जिना आला. दुसऱ्या भागातलाच जिना, स्टुडिओत पुन्हा बांधलेला, कठडासुद्धा जुन्यासारखा. बाई खालच्या मजल्यावर अबोल्याला बघते, सुरी उजव्या हातात. ती वर पळते. वरून अबोल्या उतरतोय. आणि पडदा काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं: शॉट बाकी, डावा हात, सुरी.

दिवे लागले. दिग्दर्शक पोरगा आमच्यासमोर येऊन उकिडवा बसला. चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचे भाव.

"अबोल्या दोन आहेत," तो म्हणाला. "एक उजवा, एक डावा. पहिल्यापासून दोन होते. हे दुसऱ्या भागातच सांगून ठेवलंय, फक्त पुढच्या चार भागांतल्या लोकांना दिसलं नाही. मी तेरा वर्षांचा असताना तो जिन्याचा प्रसंग पाहिला. पहिल्या भागात मी घाबरलो होतो, पण का घाबरलो ते कळत होतं. दुसऱ्यात जिन्यावर काहीतरी बदललंय असं वाटलं आणि काय ते कळेना. रात्रभर झोप नाही. मग पुन्हा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि हात दिसला. सातही भागांत तेवढी भारी जागा दुसरी नाही. जुन्या साहेबांनी काय विचार केला असेल त्या वेळी."

जुन्या साहेबांनी त्या वेळी चहाचा कप भिंतीवर फेकला होता.

"म्हणून मला तोच हात हवाय, काका. दुसऱ्या कुणाचा नको. फक्त हात. सुरी धरून कठड्यावरून खाली येणारा. दहा सेकंद."

पैलवानने मान हलवली. "मला नाही जमणार, बाबा. सिनेमा छान केलायस. पण हात दुसऱ्याचा घे." तो उठला आणि बाहेर निघून गेला. पोराने माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता.

बाहेरच्या बोळात चहाचं यंत्र होतं. पैलवान त्याच्यापुढे उभा राहून उजव्या हाताने बटण दाबत होता, कप धरत होता, पुन्हा बटण दाबत होता. डावा खिशातच. मी वहीची पिशवी छातीशी धरून त्याच्याजवळ गेले. काय बोलायचं ते रात्रीच ठरवलं होतं, आणि ते सगळं डोक्यातून उडून गेलं होतं.

"पैलवान, मला तुला काही सांगायचंय."

"आधी मी सांगू का, ताई?" तो म्हणाला. "तुमची माफी मागायची राहिलीय. माझ्यामुळे तुम्हाला साहेबांची बोलणी खावी लागली असणार. तुमची वही इतकी पक्की, आणि मी हात बदलून तिची माती केली. तोंड दाखवायची लाज वाटायची. एकदा औषधाच्या दुकानात तुम्ही दिसलात, तर मी रांगेत मान खाली घालून उभा राहिलो."

तो माझी माफी मागत होता. माझी.

"म्हणून तर मी तिसरा भाग सोडला," तो पुढे म्हणाला.

"सोडलास? तुला काढलं ना त्यांनी?"

"छे. घरी आले होते बोलवायला. मीच नाही म्हटलं." त्याने कप यंत्रावर ठेवला. "ताई, मला आजही आठवत नाही मी सुरी कधी या हातातून त्या हातात घेतली. कितीही आठवून बघितलं तरी नाही. म्हणजे हात आपोआप गेला आणि मला पत्ताही नाही. आज सुरी गेली, उद्या समोरच्या पोरीचा गळा असेल. खरं पातं असायचं कधीकधी. ज्याला आपला हात कुठे जातोय ते कळत नाही, त्याने या धंद्यात राहू नये. शाळेत मुलांना कोलांटउड्या शिकवतो ना, तेव्हासुद्धा डाव्या हाताने कुणाला धरत नाही. हा असा खिशात. मुलं चिडवतात मला, खिशातले सर म्हणून."

मी इतकी वर्षं समजत होते की मी त्याचं काम घालवलं. मी त्याचा हातच घालवला होता.

मी पिशवीतून वही काढली. त्या पानात फोटो होता, पुन्हा चिकटवलेला नव्हता, नुसता ठेवलेला. तो मी त्याच्या हातात दिला.

"हा आरशातला आहे," मी म्हटलं. "मी काढला, मीच विसरले. तू पायरीवर पेंगत होतास, तेव्हा डाव्या हातात सुरी मी दिली. तू हात बदलला नाहीस. तुला आठवत नाही, कारण तसं झालंच नाही. साहेबांनी वही मागितली तेव्हा मी हा फोटो लपवला आणि तुझं नाव निघालं तेव्हा गप्प बसले. मी भित्री आहे, पैलवान. बावीस वर्षं भित्री आहे."

त्याने फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. "बटणं," तो म्हणाला. "बटणं उलटी आहेत."

"हो."

"म्हणजे मी नव्हतो?"

"तू नव्हतास."

तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली सरकत चक्क फरशीवर बसला. मला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. त्याने फोटो गुडघ्यावर ठेवला.

"एक फोन करायचा होतात, ताई."

"हो."

"एक पत्र."

"हो रे. चुकलं माझं. फार चुकलं."

"मला राग आलाय," तो शांतपणे म्हणाला, आणि डोळे पुसले. "चांगला सणसणीत येणार आहे, मी ओळखतो मला. पण तो घरी गेल्यावर येईल. आत्ता इतकं हलकं वाटतंय की राग सापडत नाहीये." आणि तो हसायला लागला. हसता हसता खांदे हलायला लागले, ते हसणं होतं की रडणं ते मी बघितलं नाही, कारण माझं मलाच आवरत नव्हतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या बोळात कळलं, साठी उलटल्यावर.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्या पोराला सांगायचं का? साहेबांनी विचारबिचार काही केला नव्हता म्हणून?"

"सांगायचं. माझं लपवून झालंय."

आम्ही आत जाऊन सांगितलं. पोरगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. मला वाटलं, त्याच्या सिनेमाचा पायाच काढून घेतला आपण. तर तो म्हणतो, "म्हणजे दुसरा अबोल्या आरशातून आला? मावशी, हे तर माझ्या गोष्टीपेक्षा भारी आहे." धन्य ते पोर. मी मावशी शब्दाबद्दलही काही बोलले नाही.

शॉट दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घेतला. वह्यांचं काम आता एक मुलगी काचेच्या पाटीवर करते, बोटाने फोटो सरकवत. तिने माझ्यासाठी स्टूल आणलं, पण मला वर, जिन्याच्या डोक्याशी उभं राहायचं होतं. गुडघ्यांना शिव्या घालत मी चढले. पैलवानने नुसता हात लागणार असला तरी पूर्ण पोशाख मागून घेतला, रेनकोट, उशा, मुखवटा. म्हणाला, त्याशिवाय चालता येत नाही.

तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मुखवट्याच्या आतून आवाज आला, "ताई, कुठला हात?"

"डावा," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की खाली प्रकाशवाल्यांनी वर बघितलं.

त्याने खिशातून हात काढला, सुरी घेतली आणि उतरायला लागला. हळू, एकेक पायरी, पातं कठड्याला स्पर्श न करता केसभर अंतरावरून. हात जराही थरथरला नाही. माझ्या तळव्यांना घाम आला, पहिल्या भागात यायचा तसा. पोरगा 'कट' म्हणायचं विसरला. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पैलवानने खाली पोचून सुरी सामानवाल्याकडे दिली आणि मुखवटा काढला. केस घामाने डोक्याला चिकटलेले. मी वरून एक पायरी उतरले आणि गुडघ्याने जागेवरच संप पुकारला. जिना अरुंद, धरायला एकच बाजू, आणि त्या बाजूला दिव्यांच्या तारा टांगलेल्या.

तो पुन्हा जिना चढून वर आला, माझ्या दोन पायऱ्या खाली उभा राहिला आणि हात पुढे केला. डावा.

"धरा, ताई," तो म्हणाला. "सोडणार नाही."

मी माझा सगळा भार त्या हातावर टाकला आणि आम्ही एकेक पायरी करत खाली उतरलो.